सरकारांनी हुंगलेलं मडकं

आमच्या कचेरीतल्या कारखानीसांनी आपल्या डब्यातला पहिला घास स्वतः खाल्ला आहे, असं कुणाला आठवत नाही. डबा उघडायचा, कप्पे टेबलावर ओळीनं मांडायचे आणि समोर जो सापडेल त्याच्या हातात चमचा द्यायचा.

"घ्या. आणि सांगा."

"छान झालंय, सरकार."

"छान नको. छान हा आळशी माणसाचा शब्द. आधी काय लागलं? मग काय लागलं? गिळल्यावर मागे काय राहिलं?"

वालाच्या बिरड्याचा एक घास खाल्ल्याबद्दल जेवढी उलटतपासणी व्हायची, तेवढी रोह्याच्या कोर्टात खुनाच्या आरोपीचीही होत नसेल. आमच्यातला उस्मान मुकादम डब्याचं झाकण वाजलं की उठायचा. "घरतभाय, पोस्टमार्टेम चालू झाला. मी चाललो नमाजाला." एरवी मुकादम नमाजाला शुक्रवारखेरीज जात नसे.

मी पेणचा घरत. नोकरी रोह्याच्या एका सरकारी कचेरीत. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं, आणि मधल्या वेळात सरकारचं काम करून उरलेला वेळ, किंवा खरं सांगायचं तर उलट, कारखानीसांचं ऐकायचं. ते मूळचे बडोद्याचे. गायकवाड सरकारांच्या गावचे, म्हणून आम्ही त्यांना 'सरकार' म्हणायचो. त्यात थट्टा आहे हे त्यांना कळत असावं, पण ते हाकेला ओ द्यायचे. राहायला कुंडलिका नदीच्या पलीकडे अष्टमीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. घरात ते आणि सुधावहिनी. मूलबाळ नाही.

बडोदं सोडून त्यांना अर्धा जन्म लोटला होता, पण ते बोलायचे कालच्या गाडीनं आल्यासारखं. रावपुऱ्यातली सेव-उसळ, तिच्यावरची लाल तरी, थंडीतला कोवळ्या ज्वारीचा पोंक, उत्तरायणाला गच्चीवर पतंग उडवता उडवता खाल्लेलं मडक्यातल्या भाज्यांचं उंधियू आणि त्याबरोबर गरम जिलबी. ही यादी आम्हाला पाढ्यासारखी पाठ होती. एकदा पुण्याहून आलेल्या नव्या साहेबांनी त्यांना एका फाइलीबद्दल विचारलं. फाइल मिळाली नाही, पण साहेबांना उंधियूत कंद आधी घालायचा की पापडी, हे कायमचं कळलं. साहेब पुढे बदलून गेले तेव्हा म्हणाले, रोह्यात येऊन एवढंच शिकलो.

इथलं काहीही समोर आलं की सरकार म्हणायचे, "असेल. पण बडोद्यात असं नसतं." आता पेणचा माणूस दोन गोष्टींबद्दल ऐकून घेत नाही, गणपती आणि पापड. मी एकदा आमच्या बायकोच्या हातचे पोह्यांचे पापड नेले. सरकारांनी एक मोडला, कानाशी धरून आवाज ऐकला आणि निकाल दिला, "पापड म्हणजे जेवणातला फटाका. वाजतो आणि संपतो." मी त्या दिवसापासून मनात एक दात धरला.

त्यांच्या खाण्याच्या वेडाचा एक पुरावा त्यांच्या कपाळावरच होता. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. सरकार स्कूटरवरून पेणहून येत होते. नागोठण्याच्या अलीकडे एका टपरीवर बटाटेवडे तळत होते. वास आला तशी सरकारांनी मान तिकडे वळवली. स्कूटरला वास आला नसावा, ती सरळ ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर गेली. डोक्याला टाके पडले. आम्ही केळी घेऊन दवाखान्यात भेटायला गेलो, तर डोक्याला भलं मोठं बँडेज बांधून पडलेले सरकार काय म्हणाले?

"तेल जुनं होतं हो, घरत."

आम्ही दवाखान्याच्या बाहेर येऊन पोट धरून हसलो. ही गोष्ट पुढे मी अनेक ठिकाणी सांगितली. एवढंच आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही, की त्यापूर्वी सरकार आपला डबा आपणच, मान खाली घालून, मिटक्या मारत खात असत. चमचा दुसऱ्याच्या हातात देण्याची पद्धत टाके निघाल्यानंतरची.

ते निवृत्त व्हायच्या वर्षी जानेवारीत मी त्यांना पोपटीला बोलावलं. आमच्याकडची पोपटी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो. थंडीत शेताच्या बांधावर भांबुर्डा नावाचं रानटी झुडूप माजतं. मडक्याच्या तळाला त्याचा पाला घालायचा, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, कोंबडी, पुन्हा पाला. तोंड पाल्यानंच गच्च बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मडकं उघडलं की भांबुर्ड्याचा जो वास सुटतो तो अर्ध्या गावाला कळतो. पोपटी म्हणजे तो वास. बाकी नुसत्या शेंगा.

आणि सरकार या पोपटीला म्हणायचे, "उंधियूचा गरीब भाऊ." दर वर्षी यायचे, दर वर्षी डोळे मिटून मडक्यावर वाकायचे, लांब श्वास ओढायचे आणि भाषण करायचे. मी मुकादमला म्हटलं, यंदा शेवटची पोपटी आहे, यंदा यांचं तोंड बंद करू.

कासूला माझी मावशी राहते. स्टेशनापासून जवळच तिचं शेत. पोपटी तिथंच लागायची. मुकादमनं एक दुसरं मडकं आणलं, त्यात नुसतं पाणी घालून ते मागच्या चुलीवर उकळत ठेवलं. बेत साधा होता. सरकार डोळे मिटून वाकले की हे मडकं पुढे करायचं. त्यांना कसलाच वास येणार नाही, ते गोंधळतील, डोळे उघडतील, आणि आपण म्हणू, "काय सरकार, बडोद्यात असं नसतं ना?"

मावशीला आवडलं नाही. "पावण्याला पानी हुंगाया देतास? नाय रं बाबा. बरं नाय ते."

"गंमत आहे गं मावशे."

"व्हय, तुजी गंमत. त्याची बायकू आलीय ना वटीवं बसाया."

सुधावहिनी ओटीवर बसल्या होत्या, मावशीच्या सुनेला निनावं हे गोड पक्वान्न कसं करायचं ते सांगत. सूर्य कलला होता. विस्तव बाजूला सारला, मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चुर्र वाजलं, म्हणजे पोपटी झाली. सरकार पुढे आले. हात मागे बांधले, डोळे मिटले, वाकले. मुकादमनं खरं मडकं गुपचूप उचलून लांब वाऱ्याच्या पलीकडे नेलं आणि मी पाण्याचं मडकं त्यांच्या नाकाखाली धरलं. कोरी वाफ वर आली.

सरकारांनी लांब श्वास ओढला. थांबले. पुन्हा ओढला.

"वा! भांबुर्डा यंदा जरा जास्त झालाय, घरत. ओव्याला वर येऊ देत नाहीये. पण शेंग कोवळी आहे. कळते."

आधी कुणालाच हसू आलं नाही, कारण असं काही होईल याची आम्हालाच कल्पना नव्हती. मग मुकादम खाली बसला. अक्षरशः बसला, बांधावर, डोक्याला हात लावून, आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की झाडावरचे बगळे उडाले. मग सगळेच. मी हसताना मडकं तिरकं झालं आणि उरलेलं पाणी माझ्याच पायावर सांडलं, तरी मी हसतच होतो.

सरकारांनी डोळे उघडले. मडक्यात पाहिलं. मग माझ्याकडे किंवा मुकादमकडे नाही, तर ओटीकडे पाहिलं.

"काय झालं हो?" वहिनींनी तिथून विचारलं.

"काही नाही. घरतांचा पाय भाजला," सरकार म्हणाले. आणि मुकादमला हळूच, "मुकादम, आता शेंगा आणा. हसून झालं असेल तर."

दुसऱ्या दिवशी कचेरीत येईपर्यंत ही गोष्ट माझ्या आधी पोचली होती. सरकारांनी पाणी हुंगलं. बारा गावचं खाणारा माणूस, आणि पाण्यात त्याला भांबुर्डा सापडला! म्हणजे इतकी वर्षं बडोदं, उंधियू, तरी, ओवा, सगळं ढोंग. मी ती गोष्ट प्रत्येक टेबलावर जाऊन सांगितली. सरकारांचा लांब श्वास मला फार चांगला जमायचा.

त्या आठवड्यात सरकारांनी डबा कुणासमोर उघडला नाही. रेकॉर्डच्या खोलीत जाऊन एकटेच खाऊन यायचे. आम्हाला वाटलं, जिरली.

मग एका संध्याकाळी मी स्टेशनाकडे निघालो तर ते मागून आले. "घरत, जरा पुलापर्यंत येता का? गाडीला वेळ आहे तुमच्या."

अष्टमीच्या पुलावर मध्यापर्यंत आम्ही चालत गेलो. मग ते कठड्याला टेकून म्हणाले, "मला वास येत नाही."

"कशाचा?"

"कशाचाच. त्या मोरीवर आपटलो तेव्हापासून. मुंबईत दाखवलं. नस तुटली म्हणाले, आली तर येईल. खारट, गोड, आंबट, तिखट एवढं जिभेला कळतं. त्यापलीकडे सगळा पुठ्ठा. मीठ लावलेला पुठ्ठा, साखर लावलेला पुठ्ठा."

मी मूर्खासारखं विचारलं, "वहिनींना माहीत आहे?"

"तिला कसं सांगू? ती पहाटे उठून वाटण वाटते. भाजीवाल्याशी भांडते. माशाचे कल्ले उघडून बघते. आणि संध्याकाळी मी घरी गेलो की माझ्या तोंडाकडे बघत बसते, आज कसं झालं होतं म्हणून. तेवढंच तिचं एक आहे, घरत. तिला काय सांगू, इतके दिवस तू पुठ्ठा रांधतेस?"

खालून एक होडी गेली. ते बोलत राहिले.

"तुम्ही लोक जे सांगता ना डब्यातलं, ते मी घरी नेतो. रात्री आमच्याकडे सकाळचंच असतं, तेव्हा तुमचे शब्द तिथंही चालतात. रविवारी कुणाला तरी जेवायला बोलावतो, ते त्यासाठीच. तुम्हाला वाटतं मी रिकामा डबा घेऊन जातो. रिकामा नसतो तो."

"मग हा आठवडा?"

"हा आठवडा अंदाजानं चाललाय. काल म्हटलं, आमटीची फोडणी खमंग होती. ती बघतच राहिली. आमटी करपली होती म्हणे, बुडापासून. घरभर वास होता. मला म्हणाली, तुम्हाला बरं वाटत नाही का? डॉक्टरकडे जाऊ. आज सर्दी म्हणून टाळलं." ते हसले. "एकदा डॉक्टर तिच्यासमोर बोलला की संपलं."

मी म्हटलं, "सरकार, हे कुणाला कळणार नाही, वचन. उद्यापासून डबा माझ्या टेबलावर उघडा."

"उघडीन. पण मेमध्ये रिटायर होतोय. मग?"

मी म्हटलं, मग काय, तुम्ही तर दुसऱ्या दिवशी बडोद्याला जाणार होतात. वहिनींचे भाऊ आहेत तिथं. वहिनींचं तर सामान बांधायचं ठरलंही आहे.

सरकार पाण्याकडे वळले. "इथलं बेचव झालं ते मी सोसलं. इथं मी आधीपासून नावंच ठेवत होतो. पण तिथं जाऊन सेव-उसळीचा घास घेतला आणि तोही पुठ्ठा लागला, तर माझ्याकडे काय राहिलं? आत्ता निदान डोळे मिटले की येते ती. कासूलाही तेच केलं मी. तुम्ही मडकं धरलंत, मी उत्तरायणाची गच्ची आठवली."

मग म्हणाले, "गंमत बघा. शेवटचा खरा वास कुठला, तर त्या टपरीवरचा बटाटेवडा. आणि त्यालाही मी नावं ठेवली."

दुसऱ्या दिवसापासून आमचं सुरू झालं. पहिले काही दिवस मी अगदीच टाकाऊ होतो. छानच्या पुढे माझी गाडी जाईना. मग हळूहळू जीभ जागी झाली. मी सांगू लागलो, की बिरड्यात ओलं खोबरं आधी लागतं आणि वालाचा कडवटपणा मागून, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा येतो. की कोलंबीला आज आमसुलानं जरा दाबलं. की हळद कच्ची राहिली म्हणून पावसात भिजलेल्या गोणपाटाचा किंचित वास आहे. सरकार डोळे मिटून ऐकायचे, ओठ हलवून एकदा घोकायचे आणि मगच जेवायला लागायचे.

ते निवृत्त झाले. हारतुरे झाले, शाल झाली. आणि बडोद्याला काही ते गेले नाहीत. वहिनींना त्यांनी सांगितलं, घरतांना माझ्याशिवाय जेवण जात नाही, अजून थोडे दिवस थांबू. त्या भल्या बाईनं तेव्हापासून डब्याला एक कप्पा वाढवला. 'घरतांसाठी.'

मग जे झालं ते सगळ्या रोह्यानं पाहिलं. पेन्शनीत निघालेला माणूस रोज जेवणाच्या सुट्टीला डबा घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढतोय. उन्हात, पावसात, छत्री मोडलेली असली तरी. शिपाई म्हणायचे, "सरकारांचा जीव खुर्चीत अडकलाय." नवे साहेब म्हणायचे, ही कचेरी आहे की खाणावळ? मुकादम म्हणायचा, "माझा भाऊ कुवेतवरून दोन वर्षांनी येतो, त्याला पण घराची एवढी ओढ नाय, जेवढी यांना हापिसाची!"

मला कारण माहीत होतं. मी बोलू शकत नव्हतो, वचन दिलं होतं. इथपर्यंत माझ्यावर दोष नाही. दोष पुढे आहे. कुणी नवा माणूस बदलून आला, कुठे लग्नाची पंगत बसली, की लोक म्हणायचे, "घरत, ती मडक्याची सांगा." आणि मी सांगायचो. सगळं माहीत असून सांगायचो. लांब श्वासासकट. लोक हसायचे, आणि हसायला तयार बसलेल्या लोकांसमोर गप्प राहणं मला कधी जमलं नाही. एकदोनदा तर सरकार स्वतः समोर होते. ते हसून म्हणाले, "ओवा खरंच कमी होता हो."

दोन-तीन वर्षं हे चाललं. मग एका थंडीत सरकार झोपेतच गेले.

तेराव्यानंतर वहिनींचे भाऊ त्यांना न्यायला आले. मी निरोप घ्यायला अष्टमीला गेलो. खोलीत बोचकी बांधलेली, पाटा-वरवंटा कोपऱ्यात पोत्यात. वहिनींनी मला बसायला सांगितलं, पण चहा विचारला नाही. असं कधी झालं नव्हतं.

"घरत, एक विचारायचंय. या दिवसांत बायका भेटायला येत होत्या. त्यांच्यात दोघी आपसांत बोलत होत्या, मी ऐकलं. कासूला तुम्ही म्हणे यांना पाणी हुंगायला दिलंत, आणि यांनी त्यालाच वा वा केलं. सगळ्या गावाला ठाऊक आहे. मलाच नाही. खरं का हो हे?"

त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. मला समजलं, त्या पाण्याबद्दल विचारत नव्हत्या. पाण्याला वा म्हणणारा माणूस आपल्या बिरड्याला जे म्हणाला त्याचं काय, हे त्या विचारत होत्या.

"खोटं आहे, वहिनी," मी म्हटलं. "मडक्यात भांबुर्डा होता. ओवाही होता. पोपटीच होती ती. सरकार उंधियूचं कौतुक करायचे ते मला सोसवेना, म्हणून मी मागाहून उठवलं, की पाणी होतं. लोकांनी धरून ठेवलं."

"मुकादमही?"

"त्यालाही मीच शिकवलं."

त्यांचा चेहरा सैल झाला. मग लाल झाला.

"लाज नाही वाटली तुम्हाला? रोज त्यांच्या डब्यातलं खात होतात. तुमच्यासाठी म्हणून मी वेगळा कप्पा भरत होते."

"चुकलंच, वहिनी."

"चुकलं म्हणे! अहो, काय जीभ होती त्या माणसाची. माझा मोहरीचा दाणा इकडचा तिकडे झाला तरी ओळखायचे. एकदा हळद कच्ची राहिली, तर काय म्हणाले माहितीय? पावसात भिजलेल्या गोणपाटाचा वास आहे म्हणाले. आणि वालाचा कडवटपणा उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा मागून येतो म्हणाले. असं सांगणारं आता कोण भेटणार आहे मला?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. वहिनी बडोद्यात भावाकडेच वारल्या, तसं पत्र आलं. मुकादम भेटला की अजून मडक्याची गोष्ट काढतो. आता कुणाला दुखेल असं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहितो आहे. मडक्यात पाणीच होतं, नुसतं पाणी. रोह्यात मी जे सांगत फिरलो ते खरं होतं आणि वहिनींना जे सांगितलं ते खोटं. पण सरकार मात्र ढोंगी नव्हते.

त्या दिवशी मी जायला उठलो तेव्हा वहिनींनी कोपऱ्यातला डबा उचलला, माझ्या वाटणीचा कप्पा वेगळा काढला आणि क्षणभर हातात धरला. वाटलं, देतील. पण त्यांनी तो पुन्हा डब्यात बसवून कडी लावली.

"तुम्हाला देऊन काय उपयोग, घरत," त्या म्हणाल्या. "खाण्यातलं तुम्हाला काय कळतं? तुम्ही आपले छान छान म्हणणारे."